पेढ्याएवढ्या कासवाला खायला काय घालायचं?

मागच्या डिसेंबरात वरच्या मजल्यावरचा सहावीतला मुलगा श्रीखंडाचा रिकामा डबा घेऊन आमच्या दारात उभा राहिला. डब्यात बोटभर पाणी आणि त्यात एक हिरवं कासव, पेढ्याएवढं. मामाने वाढदिवसाला आणलेलं, म्हणून नावही पेढाच.

"मावशी, हा तीन दिवस झाले काही खात नाहीये. आई म्हणते, थंडीचा झोपलाय. झोपलाय का?"

झोपलेला नव्हता. मी त्याला चिमटीत उचललं आणि पाठीच्या कडेला अंगठा अगदी हलका दाबला. कडा आत गेली. पाण्यात भिजलेल्या पुठ्ठ्याचा कोपरा जातो तशी. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाची पाठ जरा लवचिक असतेच, पण पेढा या घरात येऊन पाच महिने झाले होते. पाच महिन्यांत तो वाढलाही नव्हता आणि घट्टही झाला नव्हता.

मी प्राण्यांची डॉक्टर नाही. प्राण्यांबद्दल लिहिते एवढंच, पण सोसायटीत तेवढ्यावर आजारी पोपटापासून पालीच्या अंड्यापर्यंत सगळं माझ्याकडे येतं. कासवाचा प्रश्न घेऊन येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा एकच विचारतो: खायला काय घालायचं? प्रश्न बरोबर आहे, फक्त त्याचा नंबर चौथा आहे. आधीचे तीन सुटले नाहीत तर ताटात काहीही वाढा, अंगी लागत नाही.

पहिला प्रश्न: कोणतं कासव?

मराठीत कासव हा एकच शब्द. वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारं ऑलिव्ह रिडले कासवच, गावच्या विहिरीत राहणारंही कासवच, माळावर पाठीवर चांदण्या घेऊन फिरणारंही कासव आणि महादेवाच्या देवळात नंदीच्या पुढ्यात फरशीत कोरलेलं, ज्याला आपण वाकून हात लावतो, तेही कासवच. इंग्रजीत जमिनीवरच्याला वेगळा शब्द आहे, पाण्यातल्याला वेगळा. आपल्या शब्दाने सगळ्यांना एका पंगतीला बसवलं आणि घोटाळा तिथेच होतो. जमिनीवरचं कासव पाला-गवत खातं आणि खोल पाण्यात टाकलं तर बुडून मरतं. पाण्यातल्याला जेवायलासुद्धा पाणी लागतं. त्याची जीभ तोंडात जवळपास जखडलेली असते, त्यामुळे घास पाण्याबरोबरच घशाखाली जातो. कोरड्या बशीत दाणे ठेवून "खात नाही" म्हणणारे लोक मी पाहिलेत.

ओळखायची सोपी खूण म्हणजे पाय. हत्तीच्या पायांसारखे बुटके खांब आणि घुमटासारखी पाठ असेल तर ते जमिनीवरचं. बोटांत पडदा आणि पाठ चपटी असेल तर पाण्यातलं. पेढ्याच्या बोटांत पडदा होता आणि डोळ्यांमागे दोन्ही बाजूंना लाल पट्टा. म्हणजे तो रेड-इअर्ड स्लायडर. मूळ गाव अमेरिकेतलं मिसिसिपी नदीचं खोरं. लाकडावर ऊन खात बसतो आणि चाहूल लागली की घसरून पाण्यात पडतो, म्हणून स्लायडर. मी त्याला यापुढे लालकान्या म्हणते. मत्स्यालयाच्या दुकानात, प्लास्टिकच्या नारळाच्या झाडासकट जे पिल्लू विकायला ठेवलेलं असतं ते बहुतेक वेळा हेच.

पण पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असेल तर पुढचं वाचून झाल्यावर पहिला फोन वन विभागाला करा. ते स्टार कासव. अधूनमधून पेपरात बातमी येते ना, विमानतळावर बॅगेत मोज्यांत गुंडाळलेली कासवं सापडली, ती बहुधा हीच. वास्तुशास्त्राच्या नावाखाली आणि लक्ष्मी येते म्हणून ती घराघरांत पोचवली जातात. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली सुधारणा झाली, त्यानंतर स्टार कासव पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या यादीत आहे. पाळलं तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणारा सायटीस नावाचा करार आहे, त्यानेही २०१९ मध्ये या कासवाचा धंदा पूर्ण बंद केला. विहिरीतलं पाणी स्वच्छ राहावं म्हणून ओढ्यातलं कासव आणून सोडायची आपल्याकडची जुनी पद्धतही याच कायद्यात अडकते. महाराष्ट्रात वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. घाबरून रात्री नदीत सोडून येण्यापेक्षा ती बरी.

लालकान्या परदेशी, त्यामुळे आपल्या देशी कासवांच्या त्या यादीत तो नाही. पुढचं बरंचसं त्याच्याबद्दल आहे.

दुसरा प्रश्न: ऊन कुठून येतं?

लहानपणीच्या चित्रांत कासव पाठीवरचं घर काढून ठेवून आंघोळीला जातं. प्रत्यक्षात ते घर नसतंच. कवच म्हणजे त्याचा पाठीचा कणा आणि बरगड्या, पसरून एकमेकांत जुळलेल्या. लहानमोठी पन्नासच्या वर हाडं, वरून नखाच्या जातीच्या द्रव्याचं पातळ आवरण. तुमच्या-माझ्या शरीराचा सांगाडा आत असतो, याचा बराचसा बाहेर, एवढाच फरक. म्हणून कवच मऊ पडणं म्हणजे कातडीचा आजार नव्हे, हाडं विरघळायला लागलीत.

हाड बनतं कॅल्शियमपासून हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे सगळे कॅल्शियमकडे धावतात. घर बांधायचं असेल तर विटा हव्यातच, पण आवारात विटांचा ट्रक रिकामा झाला आणि गवंडी आलाच नाही तर भिंत उभी राहते का? अन्नातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात आणि पुढे हाडात जायला ड-३ जीवनसत्त्व लागतं. तो गवंडी. आणि लालकान्याच्या अंगात हा गवंडी कामाला लागतो तो कातडीवर उन्हातले अतिनील-ब किरण पडले की. उन्हाचा हा भाग डोळ्यांना दिसत नाही, आपल्याला उन्हात काळवंडवणाऱ्यांत त्याचा वाटा मोठा.

आता खरी मेख. हे किरण साध्या काचेतून आत येत नाहीत. उजेड येतो, ऊब येते, ते किरण बाहेरच अडतात. पेढ्याचा डबा पाच महिने हॉलच्या खिडकीत होता. सकाळी दोन तास त्याच्यावर झकास ऊन पडायचं, घरचे समाधानी होते आणि पेढ्याच्या हाडांच्या हिशेबात ते ऊन शून्य होतं. घरातली ट्यूब, एलईडी, पिवळा बल्ब यांच्यातूनही ते मिळत नाहीत. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी खास अतिनील-ब दिवे मिळतात, महाग असतात, आणि त्यांची खोड अशी की सहा ते बारा महिन्यांत त्यातले किरण संपत येतात, उजेड मात्र तसाच राहतो. दिवा लागतोय म्हणून काम करतोय असं धरून चाललात तर पुन्हा खिडकीचीच गत.

आपल्याकडे सूर्याची टंचाई नाही, हे आपलं नशीब. गॅलरीत किंवा गच्चीवर, मध्ये काच न आणता, नऊ-साडेनऊच्या सुमारास वीस-तीस मिनिटं मिळाली तरी पिल्लाचं बरंच भागतं. पण काही जण हे ऐकून श्रीखंडाचा डबा उचलून तसाच उन्हात ठेवतात, आणि बोटभर पाणी दहा मिनिटांत चहाला ठेवल्यासारखं तापतं. उथळ डबा भर उन्हात ठेवून पिल्लं अक्षरशः शिजली आहेत. लोखंडी घमेलं तर नकोच. प्लास्टिकचा रुंद टब घ्या, त्यात बऱ्यापैकी पाणी, मध्ये वर यायला एक वीट, आणि टबाचा निम्मा भाग सावलीत. गरम झालं की सावलीत सरकायची सोय त्याला हवी. वरून जाळी किंवा भाजीचं क्रेट पालथं घाला, कारण पेढ्याएवढी वस्तू कावळ्याला आणि घारीला पेढाच वाटते. आणि तितका वेळ तिथेच बसा. चहा प्या, पेपर वाचा.

तिसरा प्रश्न: चूल पेटली आहे का?

आपलं शरीर आतून गरम राहतं, त्यासाठी आपण दिवसभर खातो. कासवाची भट्टी बाहेर आहे. भोवतालचं पाणी आणि हवा जेवढी गरम तेवढंच ते गरम, आणि पचनही त्याच चुलीवर. चूल थंड असेल तर पातेल्यात तांदूळ टाकून उपयोग काय? म्हणून थंड पडलेलं कासव खात नाही, आणि बळेबळे खाल्लं तर पोटात अन्न कुजतं.

मी त्या दिवशी डब्यात स्वयंपाकघरातला थर्मामीटर बुडवला, पाणी १८ अंश होतं. लालकान्याच्या पिल्लाला पाणी २५ ते २८ अंश सेल्सिअस हवं आणि ऊन खायची जागा ३० ते ३४ पर्यंत. मुंबईत किंवा कोकणात वर्षातले बरेच महिने हे आपोआप जमतं. पुण्यात, नाशकात, विदर्भातल्या थंडीत नाही. मत्स्यालयाचा छोटा हीटर साधारण काम भागवतो, फक्त तो पाण्यात पूर्ण बुडालेला हवा आणि त्यावर जाळीचं आवरण हवं, नाहीतर पिल्लू त्यालाच चिकटून बसतं आणि भाजतं.

"पण कासवं थंडीत झोपतात ना?" हा पेढ्याच्या आईचा प्रश्न, आणि तो चुकीचा नाही. अमेरिकेच्या थंड भागातली लालकानी खरंच तळ्याच्या तळाशी थंडी काढतात. पण त्याआधी उन्हाळाभर खाऊन ती तयार झालेली असतात आणि तळाचं पाणी महिनोन्‌महिने सारखं थंड असतं. आपला डबा रात्री १७, दुपारी २४. यात झोपही नीट नाही आणि जागही नाही. वर्षाच्या आतल्या पिल्लाला घरी थंडीत झोपवायचा प्रयोग कुणी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ताट वाढूया

रानातलं लालकान्याचं पिल्लू जवळजवळ शिकारी असतं. किडे, अळ्या, गोगलगायी, माशांची पिल्लं, जे हलतं ते. वाढत जाईल तसं ते शेवाळ आणि पाणवनस्पतींकडे वळतं. म्हणून वय महत्त्वाचं. इंटरनेटवर मोठ्या कासवाचा आहार वाचून पिल्लापुढे नुसती काकडी ठेवणं म्हणजे सहा महिन्यांच्या बाळाला ज्वारीची भाकरी देणं.

रोजची पोळी-भाजी म्हणजे कासवांसाठी बनवलेले पाण्यावर तरंगणारे दाणे, ज्याला दुकानात पेलेट म्हणतात. चांगल्या पेलेटमध्ये कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व आधीच घातलेलं असतं. माशांचे दाणे चालवून घेऊ नका, ती वेगळी वस्तू. दुकानात कासवाच्या चित्राच्या डबीत वाळलेली बारीक कोळंबी मिळते. पिल्लू त्यावर तुटून पडतं, म्हणून सगळे तीच घालतात. पेढ्याच्या पाच महिन्यांच्या आहारात तिच्याशिवाय काहीही नव्हतं. तिला चव आहे, पण सत्त्व फार थोडं. पोराला रोज कुरकुऱ्यांवर ठेवल्यासारखं आहे ते. आठवड्यातून एखादी चिमूट ठीक. आणि डबी संपली म्हणून बाजारातला सुका जवळा तर अजिबात नाही, त्यात मीठ असतं.

सणाचं जेवण म्हणून कुंडीतलं गांडूळ, बारीक गप्पी मासा, उकडलेल्या बिनमिठाच्या माशाचा कण. नुसतं मांस, खिमा, कोंबडीचे तुकडे रोज देणारे लोक मात्र अजाणता हाडांवर घाव घालतात. मांसात फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम नगण्य. अन्नात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुपटीच्या आसपास असावं अशी अपेक्षा, मांसात प्रमाण नेमकं उलटं. रक्तात कॅल्शियम कमी पडून चालत नाही, कारण हृदय आणि स्नायू त्यावर चालतात. मग शरीर काय करतं? घरखर्चाला पैसे पुरले नाहीत की आपण काय करतो? सोनं मोडतो. कासवाचं सोनं म्हणजे कवच.

त्यासाठी पाण्यात समुद्रफेस ठेवा. आयुर्वेदिक कच्च्या मालाच्या दुकानात मिळतो, किंवा कोकणात गेलात तर किनाऱ्यावर पांढऱ्या हलक्या होडीसारखा पडलेला असतो, तोच. ते माकुळाच्या जातीच्या प्राण्याचं आतलं हाड. मागची कडक पाठ काढून टाका, मऊ भाग पाण्यात तरंगू द्या. पिल्लू हवं तेव्हा कुरतडतं. पेढ्याने पहिले पंधरा दिवस त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि मग एका रात्रीत कोपरा उडवला.

हिरवं काय? पहिल्या दिवसापासून थोडं टाकत राहा, खाल्लं नाही तरी. मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा कोवळा पाला, लाल भोपळ्याचा कीस. पालक, चुका, अळू टाळा. अळूची भाजी चिंच न घालता केली तर घसा का खवखवतो? ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. तेच ऑक्झलेट कॅल्शियमला आतड्यातच धरून ठेवतं, पुढे जाऊ देत नाही. पालकात कॅल्शियम आहे हे खरं, पण ते कुलपात आहे आणि किल्ली कासवाकडे नाही. पोळी, भात, ब्रेड, दूध, पनीर यांचा त्याच्या पोटाशी काही संबंध नाही. आजोबा प्रेमाने बिस्कीट भरवतात त्यांना हे सांगणं हा घराघरातला स्वतंत्र प्रश्न आहे, त्यात मी पडत नाही.

किती? पिल्लाच्या डोक्याएवढा ढीग, दिवसातून एकदा. किंवा दहा-पंधरा मिनिटांत संपेल तेवढं. वर्ष होत आलं की दिवसाआड. कासव कधीच "पुरे" म्हणत नाही. तुम्हाला पाहिलं की पाय मारत काचेपाशी येतं, ती भूक कमी आणि ओळख जास्त. वर्षानुवर्षं जास्त खाऊ घातलेल्या लालकान्याची मांडी कवचाच्या बाहेर लोंबते, मी पाहिलीय.

डोळे सुजलेत, औषध काय?

नुसत्या कोळंबीवर वाढलेल्या पिल्लांत हे हमखास दिसतं. पापण्या फुगतात, डोळे मिटतात, दिसत नाही म्हणून खात नाही आणि खात नाही म्हणून आणखी सुजतात. बहुतेक वेळा यामागे अ जीवनसत्त्वाची कमतरता असते आणि जोडीला घाण पाणी. घरातले डोळ्यांचे थेंब टाकून किंवा लहान मुलांचं जीवनसत्त्वाचं औषध पाजून हे सुटत नाही. अ जीवनसत्त्व जास्त झालं तर कातडी सालपटासारखी निघते. सरपटणारे प्राणी बघणारा, ज्याला एक्झॉटिक व्हेट म्हणतात तो डॉक्टर शोधा. नाकातून बुडबुडे येणं किंवा पोहताना एका बाजूला कलणं दिसलं तर त्याच दिवशी, ती न्यूमोनियाची खूण असू शकते. कवचाच्या वरचे पातळ पापुद्रे सुटताना दिसले तर मात्र घाबरू नका, लालकानी वाढताना जुना थर टाकतात.

पाणी रोज बदलतो, मग वास का येतो?

कारण ते जिथे जेवतं तिथेच शी करतं आणि तेच पाणी पितं. बोटभर पाणी दोन तासांत नासतं. पिल्लाला पाणी किमान त्याच्या पाठीच्या रुंदीएवढं खोल हवं, म्हणजे उलटं झालं तर पोहून सुलटं होता येतं. आणि अंग पूर्ण कोरडं होईल अशी वर चढायची जागा. सतत ओल्या राहिलेल्या कवचाला बुरशी धरते. जेवण वेगळ्या भांड्यात दिलं तर टाकी जास्त दिवस स्वच्छ राहते, नाहीतर चांगला फिल्टर. नळाचं पाणी बादलीत एक दिवस ठेवून वापरलं की क्लोरीनचा त्रास कमी.

टाकी केवढी, याचा एक ढोबळ हिशेब आहे: कवचाच्या दर अडीच सेंटिमीटरला ४० लिटर. पेढ्याला ४० लिटर. पण लालकान्याची मादी पाठीने २५ ते ३० सेंटिमीटर होते, नाश्त्याच्या ताटलीएवढी. म्हणजे ४०० लिटरच्या वर. गच्चीवरच्या पाचशे लिटरच्या काळ्या टाकीकडे एकदा बघून या आणि मग हॉलमध्ये जागा शोधा. नर जरा लहान राहतो, पण पिल्लू असताना नर-मादी कळत नाही. गंमत म्हणजे ते अंड्यातच, वाळूच्या उबेवर ठरलेलं असतं. घरटं जास्त गरम तर माद्या, थोडं थंड तर नर. पेढा पुढे पेढी निघाली तर त्या मुलाने दुसरं नाव ठरवून ठेवलंय.

"आमच्या ओळखीत एकाचं डब्यातच दहा वर्षं जगलंय"

हे वाक्य मला प्रत्येक वेळी ऐकायला मिळतं. जगलं असेल. कासव फार सोसतं, तीच अडचण आहे. ज्याच्या अंगात सगळं संथ चालतं त्याचं मरणही संथ असतं. पोपट आजारी पडला तर दोन दिवसांत कळतं, कासवाचा आजार कळायला सहा महिने लागतात, आणि ते ओरडत नाही. दहा वर्षांचं ते कासव कधी बघायला मिळालं तर त्याची पाठ बघा. वाकडी, खोलगट, तव्यावर कडा वळलेल्या पापडासारखी असते का? बरोबर सांभाळलेलं लालकानं तीस वर्षं सहज गाठतं. सहावीतला मुलगा चाळिशीत जाईल.

घरात लहान मूल आहे, चालेल?

कासवाच्या आतड्यात साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. त्याला त्यांचा काही त्रास होत नाही, आपल्याला जुलाब-ताप होतो, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना किंवा म्हाताऱ्या माणसांना तो जड जाऊ शकतो. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासव पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. कारण साधं, एवढंसं कासव लहान मूल तोंडात घालतं. म्हणजे पेढ्याएवढं पिल्लू त्याच्या स्वतःच्या देशात दुकानात ठेवता येत नाही. हात लावल्यावर साबणाने धुवा, त्याचं भांडं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नेऊ नका, आणि पापी घेण्याची हौस फोटोतल्या कासवावर भागवा.

जमिनीवरचं पिल्लू असेल तर?

भारतात देशी स्टार कासवाचा विषय वर संपलाच. परदेशी जातीचं, आफ्रिकन सुलकाटासारखं असेल तर तेही सायटीसच्या यादीत आहे आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या आपल्या लोकांकडे सुलकाटा किंवा हर्मनचं कासव रीतसर असतं, त्यांच्यासाठी थोडक्यात. ऊन आणि उबेचं सगळं तसंच, ताट पूर्ण वेगळं: बहुतेक गवत आणि रानपाला, जास्वंदीची पानं-फुलं चालतात, फळं नावापुरती, मांस आणि डाळी नाहीत. अनेक जण वाळवंटातलं म्हणून पिल्लाला कोरडं ठाक ठेवतात आणि पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे येतात. सुलकाटाच्या पिल्लांवर झालेल्या एका अभ्यासात या उंचवट्यांचा संबंध प्रथिनांपेक्षा हवेच्या कोरडेपणाशी जास्त दिसला. रानात ती पिल्लं बिळाच्या दमट हवेत वाढतात. रोज कोमट उथळ पाण्यात पंधरा मिनिटं बसवा, पाणी हनुवटीच्या खाली. आणि आठवण असू द्या, सुलकाटा मोठं झालं की पन्नास किलो ओलांडू शकतं.

नाही जमलं तर तळ्यात सोडून देऊ?

नको. हा एकच मुद्दा मी आवाज चढवून मांडते. लालकान्या जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत आहे. आपल्या तळ्यांत, नद्यांत देशी कासवं आहेत, त्यांत लीथचं मऊ पाठीचं कासव तर आता अतिसंकटग्रस्त आहे. लालकानं त्यांच्या ऊन खायच्या जागा बळकावतं, खाणं पळवतं, रोग देतं. युरोपने १९९७ मध्ये त्याची आयात थांबवली, जपानने जून २०२३ पासून विक्री आणि सोडून देणं दोन्ही गुन्हा ठरवलं. जपानी घरांत ज्यांच्याकडे ती आधीच होती त्यांना ठेवायची मुभा दिली, कारण नाहीतर सगळ्यांनी एका रात्रीत तळी भरली असती. आपल्याकडे बागेतल्या तलावाच्या कठड्यावर रांगेत ऊन खात बसलेली कासवं दिसली तर डोळ्यांमागे लाल पट्टा शोधा. सापडला तर ती कुणाच्या तरी हॉलमधून आलेली असतात. झेपत नसेल तर प्राणी वाचवणारी संस्था, डॉक्टर, किंवा ज्याच्याकडे मोठी टाकी आहे असा माणूस शोधा. वेळ लागतो, पण सापडतो.

पेढ्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, हीटर सांगितला, कोळंबीची डबी ताब्यात घेतली. त्यानंतर रोज सकाळी शाळेच्या आधी गच्चीवर टब, वर पालथं भाजीचं क्रेट, शेजारी गणिताची वही घेऊन बसलेला मुलगा. रविवारी वजन. साध्या काट्यावर तो दिसेचना, तेव्हा खालच्या सोनाराने आपल्या काट्यावर करून दिलं: साडेनऊ ग्रॅम. मार्चमध्ये कडा दाबली तर किंचित जायची. परवा, मेच्या शेवटच्या रविवारी, पुन्हा सोनाराकडे गेलो होतो. एकवीस ग्रॅम. सोनाराने चष्मा वर करून पाठीवर नख वाजवलं. टक्क आवाज आला.